फोनवर सांगता येईल असं नाव ठेवा

पत्र

आम्ही कुडाळजवळच्या एका गावात राहतो. मी आणि माझ्या जाऊबाई गेली तीन वर्षं मालवणी मसाला, कोकम सरबत, आगळ, आंबापोळी आणि लोणची करून विकतो. गिऱ्हाईक बहुतेक मुंबईचे चाकरमानी. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, माल कुरियरने जातो. पाकिटावर आजवर नुसता फोन नंबर असायचा. आता चतुर्थीच्या आधी नीट पाकिटं छापायची आहेत, वेबसाइटही करायची आहे, आणि सगळं नावावर अडलंय. सासऱ्यांना ‘श्री रवळनाथ मालवणी मसाले अँड कोकण प्रॉडक्ट्स’ हवं. ह्यांचं म्हणणं ‘अस्सल मालवणी चव’. पुतण्या म्हणतो ‘कोकण फोर यू’, त्यातला फोर आकड्यात. मला स्वतःला ‘खळं’ आवडतं, कारण मिरच्या आणि सोलं आम्ही खळ्यातच वाळवतो. जाऊबाई ‘सुरंगी’ म्हणतात, पण मसाल्याला फुलाचं नाव कसं चालेल? पुतण्याचा एक मित्र वेबसाइट फुकट करून देतो म्हणतोय, तिचा इंटरनेटवरचा पत्ताही तोच त्याच्या खात्यातून घेईल. डॉट कॉम घ्यावं, डॉट इन की मराठीतलं डॉट भारत? आणि तीन वर्षं नावाशिवाय गेली, आता उशीर झाला का?

— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर

ताई, उशीर मुळीच झालेला नाही. गिरगावात १९५९ साली सात जणींनी गच्चीवर पापड लाटायला घेतले, तेव्हा त्या पापडांना ‘लिज्जत’ हे नाव नव्हतं. ते १९६२ साली आलं, स्पर्धा घेऊन, पाच रुपयांचं बक्षीस लावून. आधी माल खपला, मग नाव मिळालं. तुमचंही तसंच चाललंय, आणि तुमच्याकडे तर तीन वर्षं परत परत मागवणारी माणसं आहेत. त्यांच्याकडूनच नावाची परीक्षा करून घेता येईल.

तुमचा धंदा वाढतो कसा, ते आधी बघू. मे महिन्यात किंवा चतुर्थीला एखादं कुटुंब गावी येतं, जाताना दोन पाकिटं नेतं. डोंबिवलीत शेजारच्या वहिनी कालवण चाखतात आणि विचारतात, “मसाला कुठला हो?” तिथे तुम्ही नसता, तुमचं पाकीटही बहुधा डब्यात ओतून झालेलं असतं. गिऱ्हाईक तोंडाने नाव सांगतं, वहिनी ते कानाने ऐकतात आणि मोबाइलवर अंगठ्याने टाइप करतात. तोंड, कान आणि अंगठा या तिन्ही ठिकाणी जे नाव सारखंच राहतं, ते तुमच्या कामाचं. अर्थ, सौंदर्य, घरच्यांची पसंती हे सगळं त्यानंतर.

मराठी नावाची खरी अडचण अंगठ्यापाशी येते. आपण बोलतो मराठी, पण मोबाइलवर बहुतेकजण इंग्रजी अक्षरांत लिहितात, आणि वेबसाइटचा पत्ता तर जवळजवळ नेहमीच. मराठीतले कितीतरी उच्चार त्या सव्वीस अक्षरांत नीट बसत नाहीत. ‘व’ला कुणी व्ही लावतं, कुणी डब्ल्यू. ‘आ’ला एक ए की दोन? ‘ई’ला आय की डबल ई? ‘ऊ’ला यू की डबल ओ? ‘ळ’ला तर अक्षरच नाही, एल लिहायचं आणि पुढच्याने समजून घ्यायचं. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ लिहायचा की गाळायचा, यावरही एकमत नाही. खुद्द ‘कोकण’ घ्या. कोकण रेल्वेच्या पाटीवर मध्ये एन घालून लिहितात, गावातली मुलं इन्स्टाग्रामवर एन न घालता. दोन्ही बरोबरच आहेत, पण तुमच्या वेबसाइटच्या पत्त्यात दोन्ही चालणार नाहीत. तिथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर माणूस दुसऱ्याच्या दारात जातो किंवा कोऱ्या पानावर अडकतो.

आता यजमानांचं ‘अस्सल मालवणी चव’ याच कसोटीला लावून बघा. अस्सल एका एसने की दोन एसने, हे दोन प्रकार. मालवणी व्हीने, डब्ल्यूने किंवा मधे एक जादा ए घालून, हे तीन. चव एका ए ने की दोन, हे पुन्हा दोन. म्हणजे बारा तऱ्हांनी लिहिता येईल असं नाव, आणि पत्ता त्यातला एकच. बाकीच्या अकरा तऱ्हांनी शोधणारं गिऱ्हाईक कुठे जाईल, याची काही शाश्वती नाही.

त्या नावाची दुसरी अडचण कायद्याची आहे, आणि ती अधिक जड आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९, याच्या नवव्या कलमाप्रमाणे मालाचा प्रकार, गुण किंवा उगमाचं ठिकाण एवढंच सांगणारं नाव सहसा एकट्याच्या मालकीचं होत नाही. ‘अस्सल’ म्हणजे गुण, ‘मालवणी’ म्हणजे ठिकाण, ‘चव’ तर प्रत्येक खाण्याच्या वस्तूला आहेच. हे शब्द सगळ्यांचे आहेत आणि सगळ्यांचेच राहिले पाहिजेत. तुम्ही पाच वर्षं राबून ते नाव मोठं केलंत आणि पलीकडच्या गावात कुणी ‘खरी मालवणी चव’ काढली, तर त्याला अडवणं फार कठीण. पुष्कळ वर्षांच्या वापराने, भरपूर जाहिरातीने अशा नावालाही हक्क मिळू शकतो, पण तो मार्ग मोठ्या पैशाचा आहे. लहान उद्योगाने पहिल्याच दिवशी त्या वाटेला जाऊ नये. पाकिटावर नावाखाली ‘अस्सल मालवणी मसाला’ असं जरूर छापा. तिथे ते माहिती म्हणून शोभतं.

पुतण्याच्या नावाबद्दल थोडक्यात सांगते. पत्त्यात आकडा नको. “कोकण, मग चारचा आकडा, अक्षरात नाही हं, मग यू, म्हणजे नुसतं एक अक्षर” एवढं फोनवर कोण सांगत बसणार? जोडरेघही नको, त्याच कारणाने. पण पुतण्याला हिरमुसू देऊ नका, त्याच्यासाठी पुढे महत्त्वाचं काम आहे.

सासऱ्यांचं म्हणणं मात्र मला नुसतं बाजूला सारायचं नाही. त्यांना गावचा देव आणि आपली ओळख दोन्ही नावात हवंय, आणि ती इच्छा योग्यच आहे. पण रवळनाथ तुमच्या जिल्ह्यात गावोगाव आहेत, आणि त्यांच्या नावाची दुकानंही. देवाच्या किंवा धर्मग्रंथाच्या नावावर एकट्याचा हक्क सांगणंही अवघड असतं. उदबत्तीसाठी ‘रामायण’ या नावाचा ट्रेडमार्क मागणारं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, आणि २०१५ साली न्यायालयाने तो एकट्याला द्यायला नकार दिला. शिवाय तुमचा मसाला माशाच्या कालवणात पडणार, पाकीट रिकामं झालं की केराच्या डब्यात जाणार. देवाचं नाव तिथे जावं, हे सासऱ्यांनाच रुचणार नाही. एकदा एवढंच त्यांच्यासमोर मांडून बघा.

आणि त्यांचं नाव ठेवण्याची उत्तम जागा आहे. कागदावरचं नाव आणि पाकिटावरचं ठळक नाव एकच असावं लागतं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. पेंढरकरांच्या कंपनीचं पूर्ण नाव विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. लोकांच्या तोंडी ‘विको’. तुम्हीही उद्योगाची नोंदणी, बँकेतलं चालू खातं, अन्न परवाना हे सगळं ‘श्री रवळनाथ गृहउद्योग’ या नावाने करा. खाण्याच्या पाकिटावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि अन्न परवान्याचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी क्रमांक छापावाच लागतो. म्हणजे प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूला, सरकारी ओळीत, सासऱ्यांचं नाव मानाने येईल. पुढच्या बाजूचं नाव वेगळं असेल, ते बाजारासाठी.

राहिली दोन, ‘खळं’ आणि ‘सुरंगी’.

‘खळं’ मला मनापासून आवडलं. तुमच्या पत्रातल्या पाचांमध्ये सगळ्यांत जिवंत नाव ते आहे. मुंबईतल्या कोकणी माणसाने ते वाचलं, तर सारवलेलं अंगण आणि वाळत घातलेल्या मिरच्या त्याच्या डोळ्यांसमोर येतील. पण ते इंग्रजी अक्षरांत लिहून बघा. के एच ए एल ए. हे वाचून हिंदी माणूस ‘खाला’ म्हणेल, म्हणजे मावशी. शेवटचा अनुस्वार कुणी ई लावून लिहील, कुणी काहीच लावणार नाही. तुमच्या बोलीत तर ‘खळा’ म्हणतात, म्हणजे गावातच दोन उच्चार. अंगठ्यापाशी हे नाव टिकत नाही, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. पण ते टाकू नका. देवनागरीत त्याला काहीच धक्का नाही, म्हणून पाकिटावर ‘आमच्या खळ्यात वाळवलेलं’ ही ओळ मराठीत छापा. एक अट मात्र पाळा. उद्या माल वाढला आणि बाहेरून वाळवलेली मिरची घ्यावी लागली, तर त्या पाकिटावरून ही ओळ काढा.

आता जाऊबाईंचं ‘सुरंगी’. त्यांना माझ्याकडून शाबासकी द्या. मसाल्याला फुलाचं नाव कसं, हा तुमचा प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याच संबंध नसण्यात या नावाचं बळ आहे. दांडेकरांच्या शाईच्या दौतीवर उंट होता. शाईचा आणि उंटाचा काय संबंध? तरी तो उंट लोकांच्या ध्यानात राहिला, आणि कॅमल व इंक मिळून पुढे ‘कॅम्लिन’ झालं. मालाशी थेट संबंध नसलेलं नाव कायद्याच्या दृष्टीने मजबूत मानतात, कारण ते वापरण्याची दुसऱ्या मसालेवाल्याला काहीच गरज नसते. त्याने ते घेतलं, तर तुमची नक्कल म्हणूनच घेतलं, असं म्हणता येतं.

आणि लिहायला? एस यू आर ए एन जी आय. दुसरी तऱ्हा जवळजवळ सुचतच नाही. ‘ळ’ नाही, ‘व’ नाही, ‘आ’ नाही. तमिळ, गुजराती, हिंदी माणसालाही उच्चार जमतो. वेंगुर्ला-मालवणकडच्या माणसाला त्यात वळेसराचा, म्हणजे सुरंगीच्या गजऱ्याचा, वास येतो. बाहेरच्याला अर्थ कळला नाही, तरी कानाला गोड लागतं. उद्या तुम्ही काजू विकायला घेतलेत किंवा नारळाचं तेल, तरी नाव बदलावं लागणार नाही. ‘मसाले’ नावातच घातलं असतं, तर तिथे अडचण झाली असती.

एक शंका मात्र आहे. मोबाइल आपल्या मनाने ‘सुरंगी’चं ‘सारंगी’ करू शकतो, आणि घाईत ऐकणाऱ्यालाही तसंच ऐकू येऊ शकतं. ही शंका किती खरी, ते घरी बसून ठरवू नका. दहा माणसं निवडा. दादरची आत्या, बेळगावची मैत्रीण, बेंगळुरूला नोकरी करणारा भाचा, एखादा मराठी न येणारा ओळखीचा, कॉलेजातली मुलगी, साठीपुढचे दोघंतिघं. प्रत्येकाला फोन करा, बोलता बोलता नाव एकदाच सांगा, आणि म्हणा, “आत्ता ऐकलंत ते इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवा.” काही समजावून सांगू नका, स्पेलिंग तर मुळीच नको. दोन दिवसांनी त्यांनाच परत विचारा, “नाव काय होतं?” आठ-नऊ जणांचं उत्तर एकसारखं आलं, तर नाव पक्कं. निम्म्यांनी ‘सारंगी’ लिहिलं, तर जाऊबाईंना म्हणावं, अजून एक फूल शोधा. हीच परीक्षा ‘खळं’ला आणि यजमानांच्या नावालाही लावा, म्हणजे घरात वाद उरणार नाही.

नाव टिकलं की शोध घ्यायचा. भारत सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आधीची नावं फुकट बघता येतात. नुसतं तेच स्पेलिंग टाकून थांबू नका, उच्चारावरून शोधण्याची सोय तिथे आहे, ती वापरा. उच्चार सारखा असला, तरी आक्षेप येतो. माल आणि सेवा मिळून एकूण पंचेचाळीस वर्ग असतात. तुमचा मसाला येतो तिसाव्यात, लोणची आणि आंबापोळी एकोणतिसाव्यात, कोकम सरबत बत्तिसाव्यात. साडीवाल्या कुणाचं ‘सुरंगी’ असेल, तर लगेच घाबरू नका. खाद्यपदार्थांत असेल, तर मात्र नाव सोडा. मग गूगल, इन्स्टाग्राम आणि ऑनलाइन दुकानांतही शोधा, कारण नोंदणी न करताही आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क कायदा मानतो.

अर्जाची फी ऑनलाइन भरली, तर एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला एका वर्गाला ४,५०० रुपये पडते. तीन वर्गांचे १३,५०० होतात. आज एवढे नसतील, तर आधी मसाल्याचा तिसावा वर्ग करा, कारण तुमचं मुख्य उत्पन्न तिथेच असणार. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे वाढवता येते. नोंदणी होईतोवर नावाशेजारी टीएम ही दोन अक्षरं लावायला हरकत नाही. वर्तुळातला आर मात्र नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय छापू नका, ते बेकायदा ठरतं.

वेबसाइटच्या पत्त्याचं आता. नुसतं ‘सुरंगी’ डॉट कॉमवर मोकळं मिळेल, या भरवशावर राहू नका. असे छोटे शब्द बहुधा कुणीतरी घेऊन ठेवलेले असतात. तो कुणी नुसता विकायला ठेवला असेल आणि लाखभर मागत असेल, तर देऊ नका. त्याला एक शब्द जोडा, पण असा की ज्याचं स्पेलिंग सगळ्यांना एकच माहीत आहे. ‘कोकण’ नको, ‘मसाले’ही नको, कारण अर्धे लोक मसाला लिहितील. ‘फूड्स’ चालेल, ‘कुडाळ’ही चालेल. पण डॉट कॉमवर त्याच नावाने कुणी खाद्यपदार्थच विकत असेल, तर डॉट इन घेऊन भागणार नाही. तुमचं गिऱ्हाईक सवयीने डॉट कॉम टाइप करील आणि त्याच्या दारात जाईल. तिथे नावच बदललेलं बरं.

डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही मोकळे असतील, तर दोन्ही घ्या आणि एकावरून दुसऱ्यावर वळवा. वर्षाचा खर्च एकेकाला साधारण पाचशे ते दीड हजारांच्या घरात असतो. पहिल्या वर्षाची नव्याण्णव रुपयांची जाहिरात बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षापासून किती घेतात, ते विचारा. डॉट भारत २०१४ पासून देवनागरीत मिळतं, आणि आपल्या लिपीत आपला पत्ता असणं मला फार मोलाचं वाटतं. घ्याच. पण आज तो मुख्य पत्ता करू नका. मराठी कीबोर्ड सगळ्यांच्या मोबाइलवर चालू नसतो, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आणि देवनागरी ईमेल पत्ता अजून बऱ्याच ठिकाणी स्वीकारत नाहीत. तो मुख्य पत्त्यावर वळवून ठेवा. इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरही अक्षर न् अक्षर तेच नाव ठेवा.

यात एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते, ती म्हणजे पुतण्याचा मित्र. मुलगा भला असेल, याबद्दल मला शंका नाही. वेबसाइट त्याला जरूर करू द्या. पण पत्ता त्याच्या खात्यातून घेऊ नका. ज्याच्या नावावर आणि ईमेलवर तो पत्ता नोंदवलेला, मालक तोच. उद्या त्याला पुण्याला नोकरी लागली, त्याचा नंबर बदलला, नूतनीकरणाचा निरोप त्याच्या जुन्या ईमेलवर गेला, तर पत्ता मुदत संपून सुटतो आणि ज्याला हवा तो घेतो. मग पाकिटावर तुम्ही जाहिरात कुणाची करत राहाल? कुणी मुद्दाम तुमचं नाव बळकावलं, तर दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ‘सिफी’ या इंटरनेट कंपनीच्या खटल्यात वेबसाइटच्या पत्त्यालाही व्यापारी नावासारखं संरक्षण मिळतं असं सांगितलंय, आणि डॉट इनच्या तंट्यांसाठी निक्सी या संस्थेची स्वतंत्र व्यवस्था आहे. पण त्यात पैसा जातो, वेळ जातो. त्यापेक्षा तुमच्या किंवा जाऊबाईंच्या नावाने खातं उघडा, तुमचाच ईमेल आणि मोबाइल द्या, पैसे उद्योगाच्या बँक खात्यातून भरा, एकदम तीन-चार वर्षांचे. हे खातं पुतण्याने सांभाळावं, नूतनीकरणाच्या तारखा त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहाव्यात. पासवर्ड घरात दोघांना माहीत असावा.

चतुर्थीच्या पाकिटांची घाई करू नका. छापील पाउच हजारांच्या संख्येने घ्यावे लागतात, आणि नावावर आक्षेप आला, तर तो सगळा गठ्ठा वाया जातो. या मोसमात कोरे पाउच घ्या आणि त्यावर स्टिकर लावा. पुढे दुकान थाटलंत, तर पाटीवर नाव मराठीत, देवनागरीत लागेल, आणि ते इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाही, हेही स्टिकर करून देणाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा. अक्षराचं वळण एकदाच ठरेल.

आणि ज्या दिवशी नाव पक्कं होईल, त्या दिवसापासून बिलावर, कुरियरच्या पावतीवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑर्डरवर ते लिहायला लागा. पहिलं बिल आणि त्या दिवसाच्या पाकिटाचा फोटो तारखेसकट एका फाइलला लावा. ट्रेडमार्कच्या अर्जात ‘नाव कधीपासून वापरात आहे’ असं विचारतात, आणि मागची तारीख लिहायची, तर प्रतिज्ञापत्रासोबत पुरावा जोडावा लागतो. तो पुरावा म्हणजे हीच फाइल.